मार्तंडच्या अस्थी

सुनेत्रा सोनपेठच्या स्टँडवर एसटीतून उतरली, तेव्हा खांद्यावरची पिशवी तिनं थोरल्या दिरांना, काशीनाथरावांनाही उचलू दिली नाही. पिशवीत मार्तंडच्या अस्थी होत्या. काशीनाथरावांचा हा धाकटा भाऊ दहाएक वर्षं विलायतेत, लेस्टरला कारखान्यात होता. तिथंच झटक्यानं गेला. मूलबाळ नव्हतं, म्हणून बायकोच अस्थी घेऊन आली होती.

काशीनाथराव गावातल्या दत्ताच्या देवळाची पूजाअर्चा बघत. भावासाठी ते पोटभर रडले, पण मनात पाल चुकचुकतच होती. अडत दुकानवाल्या भगवानरावांचा भाचा मागच्या साली विलायतेतून आला होता. तो म्हणाला होता, "तुमचे मार्तंडराव दर रविवारी चर्चात जायलेत. म्या डोळ्यांनी बघितलं." काशीनाथरावांनी त्याला झिडकारलं होतं. शब्द मात्र कानातून गेले नव्हते.

जेवणं झाल्यावर त्यांनी अस्थी बघायला मागितल्या. पिशवीतून तपकिरी प्लास्टिकचा डबा निघाला. आत करडी, रव्यासारखी भुकटी. हाडाचा एक तुकडा नाही.

"अस्थी कुठायत?"

"ह्याच त्या, दादा. तिकडं हाडं यंत्रात बारीक करून देतात."

"माणसाची हाडं दळतात?"

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, प्रमोदिनीबाईंनी, पदर तोंडाला लावला.

"त्याला आंघोळ कुणी घातली?"

"आमच्या भजनी मंडळातल्या गुजराती लोकांनी. तोंडात तुळस मी ठेवली. कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत असते, बाहेरच्या थंडीत जगत नाही ती."

"मंत्र?"

"पटेलभाईंनी म्हटले. ते बस चालवतात, पण त्यांना पाठ आहेत."

"बस चालवणारा भटजी! आन् चर्चात काय करायचा मार्तंड?"

"चर्चच्या मागं हॉल आहे, तो भाड्यानं मिळतो. रविवारी भजनाला देवांच्या तसबिरी पिशवीतून न्यायच्या, टेबलावर मांडायच्या. कापूर लावू देत नाहीत, म्हणून आरतीत विजेचा दिवा. दुपारी हॉल रिकामा करून द्यायचा."

सगळी उत्तरं कशी जुळवून आणल्यासारखी वाटत होती. काशीनाथरावांनी हळूच विचारलं, "अग्नी कुणी दिला?"

इतका वेळ घडाघडा बोलणारी सुनेत्रा अडखळली. "तिथल्याच माणसांनी," म्हणाली आणि डब्याचं झाकण लावू लागली.

झालं! काशीनाथरावांची खात्रीच पटली. मार्तंड किरिस्ताव झाला, त्याला पुरलं, आणि ही बाई कसली तरी राख घेऊन आपल्याला फसवायलीय.

सकाळच्या एसटीनं दोघं गंगाखेडला निघाले. वाटेभर काशीनाथराव तिच्या पिशवीकडंच बघत होते. गोदावरीच्या घाटावर पोचल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही.

"खरं सांग, सुनेत्रा. पुरलं ना त्याला? ही राख कुणाची हाय?"

 सुनेत्रा खालच्या पायरीवर बसली.

"पुरलं? दादा, अग्नी मी दिला. तिथं लाकडं नसतात, भट्टी असते, तिचं बटण भिंतीत असतं. पटेलभाई म्हणाले, मी दाबतो. म्हटलं, परक्यानं का? मी दाबलं. बाईच्या हातचा अग्नी तुम्ही मानणार नाही, यांना गंगेत सोडू देणार नाही, ह्या भीतीनं लपवलं."

 खोटं काशीनाथरावांनी बरोबर पकडलं होतं, पण ते निघालं भलतंच. बाईनं अग्नी दिला, हेही त्यांच्या गळी उतरेना. तरी एक गोष्ट त्यांना कळत होती. हिला फसवायचं असतं, तर पटेलाचं नाव सांगून ही कधीच मोकळी झाली असती.

धोतर खोचून ते गुडघाभर पाण्यात उतरले. भावाचं नाव घेतलं, गोत्र घेतलं.  मग मागं न बघताच म्हणाले, "ये, पाण्यात ये. डबा तुझ्याच हातानं ओत."

भुकटी लगेच बुडाली नाही. पाण्यावर करडा ढग पसरला आणि हळूहळू खाली वाहत गेला. सुनेत्रा हात जोडून उभी होती. काशीनाथराव त्या ढगाकडं डोळे बारीक करून बघत होते. दळलेल्या हाडांना गती मिळते का, हे आता कुणाला विचारावं, ते त्यांना कळत नव्हतं.