सुईतला हिरवा दोरा

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. निदान परवा-परवापर्यंत तरी होते. आता परतूरच्या एका भंगारवाल्याच्या अंगणात पडून आहे. माझ्या सुईत अजून हिरवा दोरा आहे. तो कुणी ओवला, ते सांगते.

कुंभार पिंपळगावात साळूबाईंकडे मी पन्नास वर्षं राबले. झबली, बंड्या, लग्नातले परकर, सगळं शिवलं. अलीकडे साळूबाईंना दिसेनासं झालं. तरी माझ्या आवाजावरून त्या टाका ओळखत. मी जरा अडखळले की त्यांचा हात थांबायचा. घरात दिवसभर आम्हा दोघींचाच काय तो आवाज.

एके दिवशी जुन्या मशिनी गोळा करणारा रामकिसन आला. बुडाशी कोरलेला माझा नंबर त्यानं मोबाईलवरच्या यादीशी ताडून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. माझ्यासारख्या हजारो निघाल्या होत्या. मग त्याची नजर माझ्या नक्षीदार लोखंडी पायांवर गेली आणि तिथंच राहिली.

"आजी, लई जुना नमुना हाय. संग्रहात काचंच्या कपाटात ठेवतो. पोरं बघायला येतेत."

साळूबाईंनी माझ्या चाकावरून हात फिरवला. "मंग न्हाई कसं म्हणू? माझ्यामागं कोण बघणार हाय हिला?" त्यांनी मला तेल घातलं, चाचपडत दोरा ओवला. "पोरायला चालू करून दाखव बरं का. मी येईन एकदा भेटायला."

दारातल्या टेम्पोत नुसते लोखंडी पायच बांधलेले होते. वरची मशीन कुठल्याच पायांवर नव्हती. मला ते दिसत होतं, साळूबाईंना नाही. किती ओरडावंसं वाटलं!

गावाबाहेर येताच त्यानं पाना काढला. माझे पाय कुठल्याशा हॉटेलच्या टेबलाला गेले आणि मी इथं आले. आम्ही नऊ जणी होतो. रोज घण वाजतो. आता दोघी उरलो आहोत.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू देताना नेणाऱ्याच्या गाडीत आधी डोकावून पाहा. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी तर नक्कीच पाहा.

शेजारचीला आत्ताच उचलून नेलं. साळूबाई येतील, तेव्हा रामकिसन दुसरीच एखादी मशीन त्यांच्यापुढे ठेवील. त्या चाक फिरवतील, कान देतील, आणि त्यांचा हात थांबेल.