थांबा नसलेलं वळण

हातातली पळी ओट्यावर ठेवून तिनं पुढं हाक मारली.

"अहो, तळं मागं गेलं ना?"

"गेलं."

"तिथं थांबायचं ठरलं होतं आपलं."

"तिथं थांबा नाही," तो म्हणाला आणि त्यानं गिअर बदलला.

निवृत्त होऊन वर्ष उलटलं तरी त्याच्यातला ड्रायव्हर खाली उतरायला तयार नव्हता. भंगारात निघालेली बस दोघांनी विकत घेतली होती. बाकडी उखडून मागं पलंग बसवला, मधे ओटा, कडेनं कपाटं. झालं फिरतं घर. अशाच बसमध्ये दोघांचा उभा जन्म गेला होता, तो चाकावर आणि ती तिकिटांवर. लग्नही तिथंच जुळलं. आता रमतगमत हिंडायचं, मनाला येईल तिथं थांबायचं, असं ठरवून निघाले होते; पण सकाळपासून दोन तळी, एक लहान धबधबा आणि फुलांनी भरलेला माळ खिडकीतून मागं पळाला होता. आधीच नाकासमोर चालणारा माणूस, त्यात हाती चाक. इकडंतिकडं बघणार कोण?

तळ्यांचं तिनं फारसं मनावर घेतलं नव्हतं. तिचा जीव अडकला होता पुढच्या वळणात.

या आडरस्त्यावर तिनं निम्मी नोकरी काढली होती. खाणीच्या थांब्यावर कामगारांची झुंबड चढायची आणि पाठोपाठ ते वळण यायचं. तिथं मोठा धबधबा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. आवाज यायचा, प्रवासी खिडकीकडं झुकून "अहाहा!" करायचे, तुषारांनी हातातली तिकिटं ओली व्हायची. पण ती दाटीत रुतलेली, पाठ खिडकीला, डोकं सुट्ट्या पैशांत. मान वर करेपर्यंत वळण सरलेलं असायचं. सगळ्या बसनं पाहिलेला तो धबधबा तिनं एकदाही पाहिला नव्हता.

"पुढच्या वळणावर थांबवा."

"येताना बघू."

"येताना दुसरा रस्ता धरायचाय. तुम्हीच ठरवलंय."

"अगं, अरुंद आहे तिथं. मागून गाडी आली तर?"

"थांबेल. तिलाही ब्रेक असतातच की."

"आणि पोचायला उशीर झाला म्हणजे?"

"कुठं पोचायला? घर तर बरोबर घेऊन निघालोय!"

त्याला हसू फुटलं. गाडीचा वेग मात्र तसूभरही कमी झाला नाही. खाणीचा थांबा मागं पडला. रस्ता चढू लागला, आणि इंजिनाच्या घरघरीतून तो जुना आवाज वर आला. समोरच्या काचेवर थेंब उमटले.

आता भांडायला वेळ नव्हता. छताला टेकलेला बसचा मधला खांब त्यांनी तसाच ठेवला होता. तिनं पळी उचलली आणि खांबावर एकच ठोका हाणला.

टण्!

एक ठोका म्हणजे थांबा. ब्रेक करकचून लागले, कपाटातले डबे गडगडले. गाडी उभी राहिली आणि मग त्याला कळलं, की ती आपणच उभी केली. तो स्वतःच्या पायाकडं बघत राहिला, फितूर झालेल्या माणसाकडं बघावं तसा.

"हा रडीचा डाव झाला, कंडक्टरबाई."

"होऊ दे." ती उतरलीसुद्धा.

धबधबा तिला वाटला होता त्याहून कितीतरी रुंद होता. काळ्या कड्यावरून पांढरंशुभ्र पाणी अंग झोकून देत होतं, मध्यावर खडकाला थडकून फुटत होतं आणि दरीत उतरता उतरता त्याचा नुसता धूर होत होता. ती भिजत होती, आणि बाजूला सरकत नव्हती. तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. जिंकलेल्या मैदानावर उभं राहावं तशी ती उभी राहिली.

तो मागून येऊन शेजारी थांबला.

"एवढा मोठा आहे, आणि मला कधी बोलला नाहीत?"

"मी तरी कुठं पाहिलाय?" तो म्हणाला. "या वळणावर मान फिरवली असती, तर सगळ्यांना घेऊन दरीत गेलो असतो."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. ओल्या पापण्यांनी तो वर बघत होता, अगदी वर, पाणी जिथून सुटत होतं तिथं.

मागं भोंगा वाजला. खाणीकडून आलेली बस त्यांच्या गाडीमागं अडकली होती. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"काका, गाडी पुढं घ्या! आधीच उशीर झालाय!"

तिनं वळून पाहिलं. बस खच्चून भरली होती. खिडक्याखिडक्यांतून माना बाहेर आल्या होत्या. आत दाटीत एक तरुण कंडक्टर पाठमोरी उभी होती, तिकिटाच्या यंत्रावर वाकलेली.

ती तरातरा बसपाशी गेली आणि तिनं दार ओढलं.

"चला, उतरा सगळे! पाच मिनिटं. ढकलाढकली नको, एकेक करून!"

तो आवाज ऐकल्यावर का म्हणून विचारायचं कुणाला सुचलं नाही. लोक उतरू लागले.

"अहो काकी, आमच्या वेळेचं काय?" ड्रायव्हर कळवळला.

उत्तर तिच्या नवऱ्यानं दिलं. जन्मभरात कुणासाठी मिनिटभर न थांबलेला तो माणूस खिडकीखाली जाऊन म्हणाला,

"पुढच्या उतारात भरून निघतं. कसं ते सांगतो. आधी तू खाली ये."

तिनं तोंड पुसायचं निमित्त करून हसू लपवलं.

सगळ्यांच्या शेवटी कंडक्टर उतरली, गळ्यात यंत्र, ओठांवर तक्रार.

"बाई, डेपोत उत्तर मला द्यावं लागतं..."

बोलता बोलता ती वळली. आणि तशीच धबधब्याकडं चालत गेली.

पाच मिनिटं कधीच सरली. चिंब भिजलेले लोक हसत, एकमेकांना चिडवत आपापल्या जागी जाऊन बसले. ड्रायव्हर चाकावर बसला. त्यानं एकदा भोंगा दिला, मग पुन्हा दिला.

कंडक्टरनं मागं न बघता हात वर केला, आणि तो तसाच वर राहू दिला.