दोरिनच्या संघाचा स्ट्रेचर

मित्रांनो, माझं नाव ऐकलं की माणसं नजर वळवतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी ग्लासगोमधल्या एका लहानशा फुटबॉल क्लबचा जुना स्ट्रेचर आहे. माझ्या दांड्यांना पोचे आहेत. ते जखमी खेळाडूंनी पाडलेले नाहीत. दोरिनच्या बुटांनी पाडलेले आहेत.

दोरिन आमचा मॅनेजर, मूळचा रोमानियाचा. क्लब बुडायला आला होता तेव्हा तो आला आणि टिकला. इतका टिकला, की त्याला शिव्या घालणारी पोरं आजोबा झाली. जिंकलो की सगळ्यांचे पापे घ्यायचा. हरलो की चहाचे मग भिंतीवर फुटायचे आणि मग माझी पाळी. त्याचा एकच नियम होता: आपला खेळाडू मैदानाबाहेर येईल तो स्वतःच्या पायांनी. तरुणपणी तो म्हणे मोडक्या नडगीनं खेळला होता. लोक हे कौतुकानं सांगत. तो अजून लंगडतो, ते कोणी सांगत नसे.

मला उचलणारी माणसं दोन. पुण्याहून इथल्या हॉस्पिटलात आलेल्या आणि शनिवारी क्लबवर येणाऱ्या डॉक्टर इरावती, आणि लंडनजवळच्या पिनरमध्ये वाढलेला फिजिओ अंशुमन. त्याचं मराठी अडखळतं, नजर नाही.

गेल्या मोसमातला शेवटचा सामना. जिंकलो तर टिकणार, नाहीतर खालच्या लीगमध्ये. सुरुवातीपासून मारामारीच चालली होती. कोपरं, गुडघे, एकाचा तर दातच गवतात. आम्ही एका गोलनं पुढे होतो. तेवढ्यात आमचा कप्तान कॅलम हेडरसाठी उडाला आणि समोरच्याचं कोपर त्याच्या कानशिलात बसलं. तो आवाज मला बाकाखाली ऐकू आला. कॅलम पडला, उठला आणि भलत्याच गोलकडे चालू लागला.

अंशुमन त्याला बघून धावत इरावतींकडे परत आला. "मावशी, त्याच्या डोळ्यातला एक बाहुली मोठा झालाय."

इरावतींनी मला ओढून काढलं. दोरिननं माझ्यावर बूट ठेवला. तो चालतोय ना, म्हणाला, शेवटची दहा मिनिटं फक्त.

"दोरिन, पाय काढ. डोक्यात रक्त साचत असेल, तर तेवढी मिनिटं त्याच्याकडे नाहीत."

अंशुमननं मला हिसका दिला. दोरिनची मूठ त्याच्या तोंडावर बसली. ओठ फाटला, रक्त माझ्या कापडावर सांडलं. प्रेक्षक ओरडत होते, कोणाच्या बाजूनं कोण जाणे. आणि कॅलम कोसळला. त्याला आकडी आली, टाचा गवतावर आपटू लागल्या.

बूट माझ्यावरून कधी निघाला, मला कळलंच नाही. इरावतींनी कॅलमचं डोकं सांभाळलं, आकडी ओसरू दिली, मानेला पट्टा बांधला. अंशुमन एका हातानं तोंड दाबून उभा होता, त्यामुळे उचलायला दुसरं कोणी हवं होतं. दोरिन पुढे झाला. माझ्या मागच्या दांड्या त्यानं धरल्या, पुढच्या इरावतींनी.

"सांग, कसं चालू?"

"माझ्या पावलानं," इरावती म्हणाल्या.

कॅलम वाचला. कवटी उघडावी लागली. आता तो खेळत नाही, बोलताना शब्द शोधतो. उरलेल्या मिनिटांत दोन गोल खाऊन आम्ही हरलो, खालच्या लीगमध्ये गेलो, आणि दोरिनला क्लबनं काढलं. तो माफी मागायला अंशुमनच्या घरी गेला होता. अंशुमननं दार उघडलं, आत मात्र बोलावलं नाही. मला ते बरोबर वाटलं, आणि वाईटही वाटलं.

मित्रांनो, खेळताना कोणी डोक्यावर पडलं, तर 'ऊठ रे, काही झालं नाही' असं म्हणू नका. खेळ थांबवा, मोठ्यांना हाक मारा, मला बोलवा. काही झालेलं नसलं आणि मला रिकामं परतावं लागलं, तर मला मुळीच राग येत नाही. उलट, तेच व्हावं म्हणून मी वाट बघत असतो.