थोरलीच्या हातचा पापुद्रा

प्रयोगशाळेत त्या दोघी बहिणींना नावानं कुणी हाक मारतच नसे. एक थोरली, दुसरी धाकटी. थोरली भट्टीपाशी बसून ग्राफीनचे पापुद्रे वाढवायची, कार्बनच्या एका अणूच्या जाडीचे. धाकटीनं त्यांना आयनांच्या झोतानं छिद्रं पाडायची, इतकी बारीक की पाणी पलीकडे जावं आणि मीठ अलीकडेच राहावं.

"तुला धड चहा गाळता येत नाही, आणि निघालीस समुद्र गाळायला!" थोरली चिडवायची.

"तुझे पापुद्रे आधीच फाटके निघतात, त्याला मी काय करू?" धाकटी कसली गप्प बसतेय!

मग थोरलीला साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवडा उलटायच्या आत ती गेली. मागे तिच्या हातचा एकच पापुद्रा उरला, नखाएवढ्या चकतीतल्या खिडकीवर ताणून बसवलेला. प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "यावर छिद्रं नीट पडली तर तिचं काम पुरं होईल. शोधनिबंधावर पहिलं नाव तिचंच घालू." तसा पापुद्रा दुसऱ्या कुणाला साधत नव्हता. धाकटीनंही भट्टीपाशी बसून पाहिलं होतं. तिला तर मुळीच नाही.

यंत्र सांभाळणाऱ्या काकांनी चकती आत सरकवली, पंपानं हवा ओढून घेतली.

"ध्यानात आहे ना? झोत कडेच्या चौकटीवर जुळवायचा. पापुद्र्याकडे बघायचं नाही. या यंत्राची दृष्ट लागते, बाई. ज्या झोतानं बघतो त्यानंच खरवडतो आपण. न बघता जायचं, ठरल्या जागी टिंबं मारायची, की बाहेर."

"माहितेय हो काका. पहिल्यांदा बसतेय का मी?"

"म्हणूनच सांगतोय."

तिनं चौकटीच्या कडेवर झोत जुळवला. तेवढ्यात शेजारच्या खोलीत सिलिंडर संपल्याची घंटी वाजली आणि काका पुटपुटत उठले.

आता फक्त कळ दाबायची होती. पण तिच्या मनात आलं, छिद्रं पडली की हा ताईनं केला तसा राहणार नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशी आई आणि ती दाराबाहेरच राहिल्या होत्या. आत कुणी सोडलं नव्हतं. एकदाच बघू.

तिनं झोत खिडकीवर आणला. करडा, सपाट, कुठे सुरकुती नाही, कुठे चीर नाही. ताईचाच हात! तिनं आणखी जवळून पाहिलं. डोळे भरून आले तरी नजर निघेना. मग मधोमध एक काळा ठिपका उमटला. तिनं झोत तोडला, पण तोवर ठिपक्यातून भेग निघाली होती, आणि पापुद्रा कडांकडे गुंडाळत गेला.

काका परतले ते दारातच थबकले. मग स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले.

संध्याकाळी आईचा फोन आला. "झालं का गं ताईचं काम?"

"नाही आई. माझ्या हातून गेलं. त्या पापुद्र्याकडे बघायचं नसतं, आणि मी बघत बसले."

मग आईनं हळूच विचारलं, "कसा होता?"

"अख्खा होता गं," धाकटी म्हणाली, "एवढीसुद्धा चीर नव्हती," आणि मग तिला हुंदका आवरेना.