कुठं चुकलं ते सांग

"फिरव तो इकडं," गिरजाबाई म्हणाल्या. "आणि दाव मला, माझी पोर कुठं चुकली ती."

संदेशने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर, औषधांच्या दुकानावर त्याची भाड्याची खोली होती. शहापूर रस्त्यावरच्या पाड्यातून गिरजाबाई जीपमध्ये कोंबून बसून आल्या होत्या. आल्यापासून त्यांनी पाण्याला हात लावला नव्हता. पाड्यावरची अंगणवाडी इतकी वर्षं त्याच चालवत होत्या. संदेशचा हात धरून पाटीवरचा पहिला 'ग' त्यांनीच गिरवून घेतला होता. पोरांवर त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. आज तो खालच्या दुकानापर्यंत जात होता.

नर्सिंगच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म संदेशने बनवला होता, विपुल सरांच्या कंपनीसाठी. तोच फॉर्म भरायला गिरजाबाई लेकीला, कुणालीला, घेऊन सेवा केंद्रात गेल्या होत्या. सगळं भरून बटण दाबलं की लाल चौकट उडी मारून पुढे यायची, 'अवैध माहिती!' आणि भरलेलं सगळं पुसलं जायचं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. मागे रांग वाढली तसा केंद्रवाला खेकसला, "जन्मतारीख तरी धड सांगा, बाई! आधारवर वेगळीच हाय. तीच घालू?"

आधारवरची तारीख चुकीची आहे, हे गिरजाबाईंना ठाऊक होतं. पण समोर लाल अक्षरं होती आणि मागे माणसं कुजबुजत होती. "घाल," त्या म्हणाल्या. नंबर आधी पाड्यावरच्या भिमाचा दिला होता; त्याचा फोन लागेना, म्हणून केंद्रवाल्याने तो काढून स्वतःचाच टाकला. फॉर्म गेला. कुणाली केंद्राच्या पायरीवरून उडी मारून उतरली होती.

मग तपासणी झाली. शाळेच्या दाखल्यावरची तारीख जुळली नाही. प्रवेश रद्द.

संदेश खाली मान घालून म्हणाला, "बाई, तारखेत काय नव्हतं. नंबरामुळं अडलं होतं. भिमाकाकाचा दिलात ना? तोच आपल्या पाड्यातल्या भूमिकानं आधी तिच्या फॉर्मात दिलेला. एक नंबर दोघींना चालत नाय."

"पाड्यात रेंज कुठं येते रे? त्याच्या एकट्याच्या अंगणात! गॅसला त्याचा नंबर, दवाखान्यात त्याचा नंबर. तुझ्या शाळेतपण तुझ्या आयनं त्याचाच दिलेला. इसरलास?"

संदेशने नकारार्थी मान हलवली.

"आणि तारखेत काय नव्हतं, तर ते सांगायचं कुणी? माझ्या पोरीचा जन्म मला ठाऊक नाय? ह्या डब्यानं मला माझ्याच पोटच्या पोरीची तारीख खोटी वाटायला लावली!"

"विपुल सर बोलले, सगळ्या चुकांना आता एकच एरर ठेव, मंग बघू."

"म्हंजे तुला येत नव्हतं?"

"येत होतं, बाई."

ते ऐकून गिरजाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "ज्याला येत नाय त्या पोराला मी कधी बोलले नाय. तुला येत होतं, संदेश! तुझा 'ग' उलटा यायचा, तवा मी तुझी आख्खी पाटी पुसली का रे? त्या अक्षराशी बोट ठेवायची ना? बाकीचं तुझं तसंच ठेवायची ना?"

खाली कुणीतरी हसलं. संदेशने उठून दार लावलं आणि परत येऊन कामाला बसला. फोन वाजला. 'विपुल सर' हे नाव बघून त्याने तो उशीखाली कोंबला. जावास्क्रिप्टच्या ओळी भराभर उमटत होत्या. मध्येच त्याने विचारलं, "काय लिहू, बाई? 'अवैध क्रमांक'?"

"अवैध नको. पोलिसावानी वाटतं. माणसाशी बोलल्यासारखं लिही." आणि त्यांनी शब्द सांगितले.

"आता भरा," तो म्हणाला.

एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, गिरजाबाईंनी लेकीचं नाव भरलं. दाखल्यावरची, खरी तारीख भरली. भिमाचा नंबर टाकला आणि बटण दाबलं.

काही उडी मारून आलं नाही. नंबराच्या चौकटीखाली बारीक अक्षरांत ओळ उमटली आणि कर्सर तिथेच लुकलुकत थांबला. वर नाव तसंच होतं, तारीख तशीच होती.

गिरजाबाईंनी चष्मा वर सरकवला. अंगणवाडीत पोरांना वाचून दाखवावं तसं, शब्दाखाली बोट फिरवत, त्या मोठ्याने वाचू लागल्या.

"हा नंबर आधी दुसऱ्या कुणी दिला आहे. वेगळा नंबर द्या. बाकी सगळं बरोबर आहे."

शेवटच्या वाक्याखाली बोट थांबलं. प्रवेशाची मुदत कधीच संपली होती. या वेळी कुणाली भिवंडीच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्ट्या लावत असेल.

संदेशने चुळबुळत विचारलं, "पुसू का, बाई?"

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे जरा."