मधली जागा

इंजिन साखळीला लटकलेलं होतं आणि त्याच्या बरोबर खाली उभा राहून बंगाली मेकॅनिक बापीदा चहा पीत होता.

मनोहर सबनिसांना म्हणावंसं वाटलं, अरे, बाजूला हो. पण साखळी त्याची, डोकंही त्याचंच. गाडी तेवढी त्यांची होती. जुनी अँबॅसडर, मूळची क्रीम रंगाची, आता वयोमानाने पिवळी पडलेली. बॉनेट काढलेलं, पुढची जाळी काढलेली, रेडिएटर काढलेला. मल्लिक बाजारच्या त्या गल्लीत ती कवळी काढून ठेवलेल्या म्हातारीसारखी आ वासून उभी होती.

"दादा, आप झूठमूठ का टेंशन लेता है," बापीदा म्हणाला. "पुराना इंजिन तो खतम था। ये देखिए, गियरबॉक्स भी साथ में आया है। पाँच गियर! एकदम माखन चलेगा।"

मनोहरांनी मान डोलावली. जन्म रेल्वेत गेला म्हणजे यांना इंजिनातलं सगळं कळत असणार, असा नातेवाइकांपासून बापीदापर्यंत सगळ्यांचा समज होता. प्रत्यक्षात ते गार्डन रीचच्या मुख्यालयात हिशेब विभागात होते. इंजिनं त्यांनी आयुष्यभर फक्त मंजूर केली. तांत्रिक बाबतीत समोरचा जे सांगेल त्यावर गंभीर चेहऱ्याने मान डोलवायची, ही सवय तिथलीच. तिच्या जोरावर त्यांना वेळच्या वेळी बढत्याही मिळाल्या होत्या.

गाडी सुरू होणं गरजेचं होतं, कारण त्यांच्या बायकोने, सुहासिनीबाईंनी, डायलिसिसला जायचं बंद केलं होतं.

सुयांचं त्यांना काही वाटत नसे. त्रास होता तो जाण्याचा. मुलगा विहंग न्यू टाउनच्या ऑफिसात बसून फोनवर कॅब बोलवायचा, कॅब खिदिरपूरला दाराशी यायची, बाई मागे खिडकीशी बसायच्या आणि रेसकोर्स यायच्या आत ओकायच्या. एकदा ड्रायव्हरने दोघांना मधेच उतरवलं. मनोहर हातात ओकारीची पिशवी धरून फूटपाथवर उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांना वळसा घातला. घरी परतल्यावर बाईंनी जाहीर केलं, "मी आता जायची नाही."

"अगं, डॉक्टर काय म्हणाले..."

"डॉक्टरांना बसवा त्या डब्यात."

"आई, तू असं कशाला करते?" विहंग फोनवरून म्हणाला. इथेच वाढल्यामुळे त्याची मराठी जरा पाहुणी आल्यासारखी असे. "मी मोठी गाडी बुक करते... करतो."

"मोठ्या गाडीत मोठी ओकारी येईल." मग त्या म्हणाल्या, "आपली गाडी असती तर गेले असते."

आपली गाडी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली मरून पडली आहे, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. नकार द्यायची ती त्यांची सभ्य रीत होती. मनोहरांनी मात्र ते वाक्य मागणी समजून मंजूर केलं.

आपल्या गाडीचं वैशिष्ट्य म्हणजे पुढची सलग लांब सीट. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, त्यामुळे पुढे तिघं ऐसपैस बसत. बदलीवर इकडे आल्यापासून बाई मधे बसत आल्या होत्या आणि विहंग खिडकीशी. पुढे विहंग मोठा झाला, मित्रांबरोबर हिंडू लागला, खिडकीची जागा रिकामी झाली. बाई मधेच राहिल्या, मनोहरांच्या खांद्याला खांदा लावून. रेल्वे कॉलनीतल्या बायकांना ते प्रेम वाटे. बाईंचं म्हणणं असं, की मधोमध बसलं की रस्ता नाकासमोर दिसतो आणि मळमळत नाही. दोन्हींतलं खरं काय, याची चौकशी मनोहरांनी कधी केली नव्हती.

डायलिसिसची एक पाळी चुकली, मग दुसरी. बाईंच्या पायावर सूज चढली. बोट टेकलं की खळगा तसाच राहायचा. हे कळल्यावर बापीदाने बाकीच्यांच्या गाड्या गल्लीत ढकलल्या आणि हीच हातात घेतली. माणूस वाईट नव्हता. तसा असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

चहा संपला. साखळी करकरली. गिअरबॉक्स जोडलेलं ते लांबलचक धूड शेपटी खाली करून गाडीच्या पोटात शिरू लागलं. एक जण खाली झोपून शेपटीला वाट दाखवत होता, दोघं पुढून रेटत होते आणि बापीदा "आस्ते, आस्ते" म्हणत स्वतःच सगळ्यांत जोरात ढकलत होता. माउंटिंगवर इंजिन धप्पकन बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनोहरांनीही वाजवल्या.

"अब ऊपर से डंडा बैठा देगा," बापीदा म्हणाला.

मनोहरांनी आत डोकावून पाहिलं. गाडीच्या तळाला, पुढच्या सीटसमोर अगदी मधोमध, हातभर भोक कापलेलं होतं. दांडा मागेपुढे हलायला जागा हवी म्हणून सीटलाही तिथे खाच पाडून, नव्या रेक्झिनने नीट शिवून घेतली होती. नवं रेक्झिन जुन्यापेक्षा लाल होतं.

"ये यहाँ कैसे?"

"गियर का डंडा। पहले हैंडल में था, अब नीचे। बोला था ना आपको। आप बोले, हाँ हाँ।"

बोलला होता. हे हाँ हाँ म्हणाले होते.

"ऊपर नहीं हो सकता?"

"ऊपरवाला माल अब कहाँ मिलेगा, दादा? आपका पुराना बॉक्स तो कबाड़ में चला गया।"

"लेकिन यहाँ मिसेस बैठती हैं।"

गॅरेजातली कामं थांबली. खाली झोपलेल्यानेही डोकं बाहेर काढलं. बापीदाने फडक्याला हात पुसले, खरोखर मनापासून विचार केला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"बउदी खिड़की के पास बैठेंगी। हवा आएगा!"

मनोहरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन निघाले. एकदम माखन. खिदिरपूरला पोचेपर्यंत त्यांनी बायकोला सांगायची तीन-चार वाक्यं तयार केली आणि प्रत्येक सिग्नलला एकेक नापास केलं. घरासमोर हॉर्न वाजवला. बाई बाल्कनीत उभ्याच होत्या, साडी नेसून, खांद्याला पर्स. शब्द दिला म्हणजे दिला. कठड्याला धरत त्या खाली आल्या, पुढचं दार उघडलं, सवयीने हात टेकून आत सरकू लागल्या आणि थांबल्या.

"हे काय?"

"गिअर."

"इथे?"

"पाच आहेत आता."

"आणि मी?"

मनोहरांनी तोंड उघडलं. आतून बापीदाचंच वाक्य आलं. "खिडकीपाशी हवा येईल."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या शर्टाच्या बाहीला ग्रीस लागलं होतं आणि ते त्यांना माहीत नव्हतं. मग बाईंनी शिवलेल्या खाचेवरून बोट फिरवलं, दार लोटून घेतलं, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर मधोमध बसल्या. तिथून निदान रस्ता नाकासमोर होता, लांबून का होईना.

"शिवलंय छान," त्या म्हणाल्या. "चला. पिशवी आहे ना?"

"दोन आहेत."

रेसकोर्स गेलं. मनोहरांनी आरसा वाकडा करून त्यात बायकोला आणलं. इतक्या वर्षांत तिला आरशात बघायची वेळ आली नव्हती. नुसतं कपाळ दिसत होतं, कुंकवासकट.

"आवाज अजिबात नाही हो," कपाळ म्हणालं.

"नाही ना?"

"पहिलीपेक्षा बरी."

एस्प्लनेडच्या सिग्नलला आरशातलं कपाळ मागे टेकलं होतं आणि त्यावर घाम आला होता. खिडकीशी एक गृहस्थ वाकले. हातात दोन बॅगा, घाईत असावेत. पिवळी अँबॅसडर म्हणजे इथली टॅक्सीच, पुढे एकटा म्हातारा, मागे बाई. त्यांचा तरी काय दोष?

"दादा, शियालदा स्टेशन जाबेन?"

सवयीने मनोहरांची मान डोलायला लागली होती.

"अहो," मागून डोळे मिटल्या-मिटल्या बाई म्हणाल्या, "सांगा त्याला, भाडं आहे."

ते गृहस्थ दुसरी टॅक्सी बघायला गेले. दिवा हिरवा झाला. पहिला गिअर टाकायला मनोहरांचा हात स्टिअरिंगच्या दांडीकडे गेला आणि हवा मुठीत घेऊन परत आला. मागच्या बसने हॉर्न धरला. त्यांनी खाली चाचपून दांडा शोधला. मागच्या सीटवर पिशवी चुरचुरली.

गाडी, एक गचकाही न देता, पुढे निघाली.