गोमाजीने अडवलेला ओहोळ

ज्याचा जन्म खाऱ्या पाण्याशी भांडण्यात गेला, त्याला कुठलंही पाणी वैरीच वाटतं. ठाकुर्ली गावातल्या गोमाजीचं तसंच झालं होतं. म्हातारा उभं आयुष्य मिठागरात आणि खाडीकाठच्या भातशेतीत राबला. भरतीचं पाणी शेतावर चालून आलं की चिखल थापायचा, पेंढा दाबायचा, बांध उभा करायचा. दुसरं शास्त्र त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याचं कधी अडलंही नव्हतं.

म्हणून गावचं तळं नासलं तेव्हाही त्याने तेच केलं. टेकडीवर नव्या चाळी झाल्या होत्या आणि तिकडून येणाऱ्या ओहोळातून पिशव्या, चिंध्या, साबणाचा फेस आणि चारचौघांत सांगू नये असं बरंच काही तळ्यात येत होतं. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात गाव कंबर कसून उतरलं. गाळ उपसला, तळाचा मुरूम उघडा पडला. मग गोमाजीने ओहोळाच्या तोंडावर बांध घातला आणि पाणी रेल्वेच्या गटाराकडे वळवलं.

"आता येव दे त्यांची घान!" तो म्हणाला. गावाने त्याची पाठ थोपटली. खाडीकाठच्या माणसाला पाणी अडवणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की कुणाला शंकासुद्धा आली नाही.

श्रावण आला. आभाळ धो धो कोसळत होतं आणि तळ्यात जेमतेम ढोपरभर पाणी, तेही हिरवंगार. देवरामच्या तर पथ्यावरच पडलं. गावात वजन असलेला हा गडी कधीपासून त्या जागेवर डोळा ठेवून होता. त्याने बैठक बोलावली. "गवर बुडवाला पानी नाय, तं तला ठेवाचा कनाला? भराव टाकू, मार्केट बांधू." बराच वाद झाला आणि ठरलं ते असं, की गौरी विसर्जनापर्यंत वाट बघायची. तोवर तळं भरलं नाही, तर भरावाला गावाची संमती.

गोमाजीला अन्न गोड लागेना. पोहायला तो ह्याच तळ्यात शिकला होता, आणि ते बुजणार होतं त्याच्याच डोळ्यांदेखत. एके दिवशी ताट पुढे ठेवताना त्याची सून मंजुळा सरळच बोलली. "बाबा, खाडीचा पानी आपला वैरी, त्याला बाहेर ठेवला ते बरा केला. पन तल्याला पानी देनारा दुसरा कोन हाय? तो ओहोल म्हंजे तल्याची आय. तुमी आयशीलाच दाराबाहेर काढलाव."

गोमाजी ताटावरून उठला. सुनेने अक्कल शिकवावी, हे त्याला कसं सोसणार? पण खरं बोलणं अंगाला खाजकुयलीसारखं लागतं, झटकून जात नाही. भर पावसात तो ओहोळाच्या काठाकाठाने टेकडी चढू लागला. इतक्या वर्षांत तो तिकडे कधी फिरकला नव्हता.

वर चाळीच्या दारात एक बाई ओहोळात केर लोटत होती. गोमाजीला आयतंच सापडलं. "तुमची घान आमच्या तल्यान येते, दिसत नाय तुमाला?"

बाईचं नाव शेवंती. साताऱ्याकडची, जिभेला धार. "मग कुठं टाकू, काका? पदरात बांधू? हितं कुंडी न्हाई, धड गटार न्हाई. आन तळं तुमचं म्हनता, तर गेल्या साली आमची गौराई घिऊन आलो, तवा काठावरनं हाकललं आमाला. बादलीत बुडवली गौराई. पोरी रडल्या वो."

 हाकलणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज गोमाजीचाच होता. शरमेने त्याचे कान तापले.

"यंदा या," तो म्हणाला. असा शब्द द्यायचा अधिकार त्याला कुणी दिला नव्हता.

"आन गावानं परत हाकललं तर?"

"तं मना बी तुमच्यासंगती हाकलतील."

शेवंती हसली आणि तिने चहा टाकला.

मग घाण वरच अडवायचं काम सुरू झालं. चाळीच्या मागे केराचे खड्डे खणले. मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डे केले आणि भोवती कर्दळ लावली. मंजुळा आणि शेवंती बायकांचा घोळका घेऊन नगरपालिकेत जाऊन बसल्या, आणि कुंडी पदरात पडल्याशिवाय उठल्या नाहीत. गोमाजीने ओहोळात जागोजागी दगडांचे बुटके बांध रचले. पाणी वरून जाईल, गाळ मागे राहील, असे. पाणी न अडवणारा बांध घालताना त्याला भारी जड गेलं, पण जमलं. शेवटी त्याने फावडं घेतलं आणि ओहोळाच्या तोंडावरचा आपला बांध आपल्याच हाताने फोडला. पाणी खळखळत आत शिरलं, तेव्हा म्हाताऱ्याने चक्क शीळ घातली.

गौरी विसर्जनाच्या दिवशी तळं पायऱ्यांना लागलं होतं. पाणी काचेसारखं नव्हतं, पण वास गेला होता. चाळीतल्या बायका तेरड्याच्या गौरी घेऊन आल्या आणि देवराम आडवा झाला. "या कोन? गावच्या तल्यान यांचा काय काम?"

गोमाजी पुढे आला.  "देवराम, पानी यांच्या दारातून येते. पानी चालते, आनि मानसा नाय चालत?"

 मग मंजुळाने पुढे होऊन शेवंतीच्या हाताला धरून तिला पायरीवर घेतलं, आणि गावच्या बायका सरकून जागा देऊ लागल्या. भरावाचं नाव काढायला देवरामला तोंड राहिलं नाही.

विसर्जन झालं. शेवंतीने वाकून काठचा मूठभर मुरूम उचलला आणि पदरात घेतला. गोमाजी चमकला. "यो कनाला?"

"गौराई बोळवली की घाटावरची वाळू घरभर टाकायची, काका. घर भरल्यालं ऱ्हातं. बादलीत कुठली वाळू? गेल्या साली ऱ्हाऊन गेलं."

एकेक करत सगळ्याच वाकू लागल्या. आपल्या तळ्याचा तळ आज टेकडीवरच्या खोल्याखोल्यांतून पसरणार, हे गोमाजीच्या ध्यानात आलं आणि त्याचे डोळे भरून आले. तो ढोपरभर पाण्यात उतरला, ओंजळी भरभरून मुरूम काढू लागला आणि समोर येईल त्या पदरात घालू लागला.

"आजून न्या गो," तो म्हणत होता, "मूठभर कनाला नेताव?"